वऱ्हाडातले बिऱ्हाड

घर आणि बिऱ्हाड हे दोन शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नव्हेत. घर विटामातीचे असते आणि जागचे हलत नाही. बिऱ्हाड म्हणजे चार माणसे, दोन ट्रंका, एक स्टो, देव्हाऱ्यातले देव आणि तुळशीची कुंडी. ते बैलगाडीत, मालगाडीत किंवा ट्रकमध्ये मावते आणि कोणाच्या तरी घरात जाऊन बसते. इतिहास लिहिणाऱ्यांनी घरे बांधणाऱ्यांची पुष्कळ दखल घेतलेली आहे. कोणता किल्ला कोणी बांधला, कोणत्या वेशीवर कोणाचा शिलालेख आहे, हे आपल्याला पुस्तकात सापडते. पण त्या वेशीतून आत येऊन 'एखादी खोली मिळेल का हो?' असे विचारणाऱ्या माणसाचा इतिहास कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. त्या सोन्याच्या मुलखात बिऱ्हाड करणे किती सोपे किंवा किती कठीण होते, त्याविषयी आज चार गोष्टी सांगाव्यात असे मनात आहे.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. १९७४ साली सरकारी नोकरीत बदली होऊन अकोल्यास आलो, सात वर्षांनी अमरावतीस गेलो आणि पुढे इकडलाच झालो. दोन्ही शहरांत मिळून पाच वेळा बिऱ्हाड हलवले. त्यामुळे या विषयातला माझा अधिकार, पुस्तकी नसला तरी, पायपिटीचा निश्चित आहे.

आल्याबरोबर पहिला धडा मिळाला तो भाषेचा. आमच्याकडे 'भाड्याने' जागा मिळते. इकडे ती 'किरायाने' मिळते, आणि राहणारा भाडेकरू नसून 'किरायेदार' असतो. कौले नसतात, 'कवेलू' असतात. झोपाळा नसतो, 'बंगई' असते. महिना साठ रुपयांच्या वर किराया देण्याची माझी ऐपत नव्हती. तेवढ्या पैशांत जुन्या शहरात एक खोली आणि ओसरीचा तुकडा, किंवा गावाच्या कडेला दोन खोल्या आणि समोर अंगण, अशी निवड होती. अंगणाच्या लोभाने मी कडेची दोन खोल्यांची जागा पाहायला गेलो. मालक घरी नव्हते. त्यांच्या वृद्ध आईने मला बसायला पाट दिला, नाव-गाव विचारले आणि मी किरायाचे बोलणे काढताच म्हणाल्या, "किराया मंग ठरव भाऊ, आंधी इहिरीचं पानी चाखून पाह्य."

मी चाखले. पाणी मचूळ होते, घशाखाली उतरेना. त्या पाण्यात तुरीचे वरण शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पिण्याचे पाणी रोज लांबून आणावे लागते, हे त्या माउलीने आपणहून सांगितले. स्वतःचे गिऱ्हाईक असे स्वतःच परत पाठवणारी घरमालकीण मला पुन्हा भेटली नाही. त्या घरातच मला वऱ्हाडचा भूगोल कळला असे म्हटले तरी चालेल. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून पूर्णा नदी वाहते, आणि तिच्या दोन्ही काठांनी खारपाणपट्टा पसरलेला आहे. वरची जमीन काळीभोर, कापसाला उत्तम. पण खालचे पाणी खारे. ज्या मातीने हा मुलूख श्रीमंत केला, तिच्याच पोटात पिण्याजोगे पाणी नाही. शहरांनी पुढे धरणांचे पाणी आणले, अकोल्याने काटेपूर्णेचे आणि अमरावतीने ऊर्ध्व वर्ध्याचे, आणि हा प्रश्न पुष्कळसा सुटला. तरीही नळ घरापर्यंत आलेला आहे की कोपऱ्यापर्यंतच, यावर किरायाचा आकडा ठरत असे.

काळ्या मातीचा दुसरा गुण भिंतींवर दिसतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात. पाया पुरेसा खोल नसेल तर घरही तिच्याबरोबर वरखाली होते. म्हणून इकडला जाणता माणूस घर पाहायला गेला की आधी दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे बघतो. तेथून तिरपी भेग निघालेली असली आणि तीवर ताजा चुना फासलेला असला, तर तो चहा पिऊन उठतो. शिवाय जागा शक्यतो उन्हाळ्यात पाहावी. टिनाखालची खोली जानेवारीत फार गोड वाटते. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे गेला, म्हणजे त्याच खोलीत भाकरी तव्याशिवाय भाजेल की काय अशी शंका येते. जुन्या धाब्याच्या घरांची मातीची जाड छपरे आणि हातभर रुंद भिंती अडाणीपणाच्या नव्हत्या. आम्ही मात्र सिमेंट दिसले की हुरळून जात होतो.

आता थोडे मागे जाऊ.

जुन्या इंग्रजी गॅझेटियरात अकोल्याविषयी एक लहानशी नोंद आहे. तेथल्या तालुकदाराच्या जुलमाला कंटाळून अकोल्याचे पुष्कळ लोक गाव सोडून अमरावतीस राहायला गेले, एवढाच तिचा मजकूर. काळ साधारण अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांच्या सांध्यावरचा. वाचणारा ही ओळ ओलांडून पुढे लढायांकडे जातो, कारण लढाया तेथे हव्या तेवढ्या आहेत. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावची लढाई झाली आणि डिसेंबरात गाविलगड पडला. मला मात्र त्या ओळीपाशी थांबावेसे वाटते. अकोल्याला त्या वेळी कशाची उणीव होती? मोर्णेच्या काठी असदखानाच्या नावाचा असदगड उभा होता, गावाला तट होता, दहीहंडा वेस होती, राजराजेश्वराचे देऊळ होते. एवढे सगळे सोडून माणसे साठ मैलांवर परक्या गावात जागा शोधत गेली. वऱ्हाडात घर शोधण्याची कागदावर उतरलेली ही पहिली मोठी हकिकत असावी, आणि तिच्यातली माणसे अकोल्याहून अमरावतीकडेच निघालेली होती. दीडपावणेदोनशे वर्षांनी मीही त्याच दिशेने गेलो. माझ्यामागे तालुकदार नव्हता, बदलीचा हुकूम होता.

अमरावतीने आलेल्यांना ठेवून घेतले आणि त्यांच्या जिवावर ती वाढली. सावकार आणि व्यापारी आले, तसे पेंढाऱ्यांचेही लक्ष गावाकडे गेले. म्हणून निजामाच्या अमलात १८०७ साली गावाभोवती दगडी परकोट बांधण्यास सुरुवात झाली. वीस ते सव्वीस फूट उंच, सुमारे सव्वादोन मैल घेराचा, पाच दरवाजे आणि चार खिडक्या असलेला. अंबा दरवाजा, नागपुरी दरवाजा, खोलापुरी दरवाजा ही नावे अमरावतीकरांच्या तोंडी अजून आहेत. एका खिडकीचे नाव खुनारी. तेथे रक्त सांडले म्हणून ते पडले. सव्वादोन मैलांचा घेर म्हणजे आतली जागा फार मोठी नव्हे. तटाच्या आत जीव आणि पैसा सुरक्षित, तटाच्या बाहेर जागा मोकळी पण रात्र बेभरवशाची. मोजकी ऐपत असलेल्या माणसाने कोठे राहावे, हा प्रश्न या गावात तेव्हापासूनचा आहे. आत सक्करसाथ, सराफा आणि बुधवारा यांच्या गल्ल्यांतून आजही चालून पाहावे. एकमेकांना खेटलेले वाडे पाहिले की त्या काळी हातभर जागेलाही काय मोल असेल ते समजते.

पुढची गर्दी कापसाने आणली. १८४२ साली एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादून कापूस कलकत्त्याकडे रवाना केला, असे तेच गॅझेटियर सांगते. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडकडे डोळे लावले. अमरावतीच्या नावावरून 'उमरा' हे कापसाचे नावच होऊन बसले. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरला जाणारी आगगाडी सुरू झाली. अकोल्याला मुख्य रस्त्यावरचे स्टेशन मिळाले. अमरावतीला सहा मैलांवरच्या बडनेऱ्याहून फाटा घ्यावा लागला. आगगाडीने अकोल्याचे रूपही पालटले. मोर्णेच्या पश्चिमेला तटातले जुने शहर आणि पूर्वेला ताजनापेठ, कचेऱ्या, साहेबांचे बंगले आणि स्टेशन. तेव्हापासून अकोल्यात घर शोधणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो नदीच्या अलीकडे की पलीकडे हा.

व्यापाऱ्यांमागोमाग वकील, शिक्षक आणि कारकून आले. अमरावतीचे म्हणून आपण ज्यांची नावे अभिमानाने घेतो, त्यांतली किती माणसे बाहेरून बिऱ्हाड घेऊन आलेली होती पाहा. १९१२ साली बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झालेले रंगनाथ नरसिंह मुधोळकर मूळचे धुळ्याचे. वकिलीसाठी अमरावतीस आले आणि अमरावतीचेच झाले. अकोल्याच्या हायस्कुलाचे हेडमास्तर विष्णु मोरेश्वर महाजनी, शेक्सपिअरची नाटके मराठीत आणणारे, १९०७ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, तेही पुण्याकडून आलेले. या मंडळींना जागा कशी मिळाली, किराया किती पडला, मालक बरा होता की खाष्ट, याबद्दल चरित्रकार एक अक्षर काढत नाहीत. थोर माणसे जणू थेट स्वतःच्या बंगल्यात उतरतात! १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. देशभरातून एकदम इतके पाहुणे आले, तेव्हा या गावाला घरोघर अंथरुणे मोजावी लागली असतील.

कारकुनांचे हाल यापेक्षा निराळे. १९०५ मध्ये सरकारने वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार केले. एलिचपूर जिल्हा अमरावतीत विरला, आणि वाशीमचा बराचसा भाग अकोल्यात आला. सरकारच्या दृष्टीने हा नकाशावरच्या रेघेचा प्रश्न होता. पण कचेरी हलली की तिच्याबरोबर शिरस्तेदार, कारकून, चपराशी आणि त्यांच्या बायकामुलांनाही हलावे लागते. एलिचपुरात घरे रिकामी आणि अमरावतीत माणसे रस्त्यावर, असे त्या साली झाले असणार. ९३ वर्षांनी, १९९८ च्या जुलैत, वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला आणि अकोल्याच्या कारकुनांनी वाशीमला जागा शोधायला सुरुवात केली. त्यांत माझा एक तरुण सहकारी होता. तो म्हणाला, "तुमचे अनुभव सांगा." मी त्याला विहिरीचे पाणी चाखायला सांगितले.

येथवर मी पाण्याविषयी आणि पैशांविषयी बोललो. पण घर शोधणाऱ्या माणसाला या दोहोंच्या आधी एक प्रश्न विचारला जात असे: "आडनाव काय म्हनलं तुमचं?" आणि आडनावावरून उलगडा झाला नाही तर, "म्हणजे कोण?" माझ्या आडनावाने माझी बहुतेक ठिकाणी सुटका होत असे. माझ्याच कचेरीत, माझ्याच पगारावर, माझ्याहून कितीतरी नेटका आणि निर्व्यसनी असा एक मित्र होता. त्याला जागा मिळायला मला लागले त्याच्या चौपट दिवस लागले. मी त्याच्याबरोबर हिंडत असे. दारावर मी बोललो की खोली रिकामी असे. त्याने नाव सांगितले की ती नुकतीच कोणाला तरी दिलेली निघे. एका मालकाने तर आम्हांला चहा दिला, खोलीची किल्ली हातात ठेवली आणि नाव ऐकल्यावर ती परत मागून घेतली. मित्र काही बोलला नाही. वाटेत एवढेच म्हणाला, की या गृहस्थांनी निदान किल्ली मागताना हात पुढे केला, टेबलावर ठेवा असे म्हटले नाही.

अशा वेळी १९१७ ची बडोद्याची हकिकत आठवल्यावाचून राहत नाही. परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाराजांच्या नोकरीवर रुजू व्हायला बडोद्यास गेले. त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन दारात आले, आणि ती जागा त्यांना सोडावी लागली. बडोदा सुटले ते सुटलेच. दहा वर्षांनी, १९२७ च्या नोव्हेंबरात, हेच बाबासाहेब अमरावतीस आले, ते अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून. देवाच्या दाराचा आणि घरमालकाच्या दाराचा प्रश्न मुळात एकच आहे, असे मला माझ्या मित्राबरोबर हिंडताना वाटे.

या बाबतीत वऱ्हाडच्या दोन माणसांची नावे घेतली पाहिजेत. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले आणि सर्व जातींच्या खेड्यांतल्या मुलांना एका छपराखाली ठेवले. शहरात ज्याला कोणी खोली देत नाही अशा मुलाला शाळेपेक्षा आधी वसतिगृह हवे असते, हे त्यांना कळले होते. दुसरे गाडगेबाबा. जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, बाळपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाकडे. म्हणजे दोन्ही जिल्हे त्यांचे. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा पुढे बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. परक्या गावात रात्र काढायला छप्पर लागते, यासाठी या माणसाने जन्म घालवला, आणि स्वतःजवळ मात्र गोधडी आणि मडक्याचे खापर यापलीकडे काही ठेवले नाही. १९५६ च्या २० डिसेंबरला अमरावतीजवळ त्यांचे देहावसान झाले. त्यांची समाधी जेथे आहे त्या गाडगेनगरात खोल्यांचा किराया चांगलाच आहे.

आता कायद्याकडे येतो; कारण माझ्या वेळी घर मिळणे न मिळणे पुष्कळदा त्याच्यावर होते. युद्धाच्या काळात शहरे फुगली होती. १९४७ नंतर सिंधी निर्वासित आले. अकोल्याचा सिंधी कॅम्प आणि अमरावतीचा रामपुरी कॅम्प ही त्यांची वस्ती. जागांची टंचाई पाहून मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९४६ मध्ये कायदा केला आणि १९४९ मध्ये त्याखाली घरे भाड्याने देण्याचा व भाडेनियंत्रणाचा हुकूम काढला. मुंबईपुण्याचा कायदा निराळा, आमचा निराळा. १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाले, तरी हा हुकूम चालूच राहिला. मालकाला किरायेदार काढायचा असेल, तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी, मग नोटीस, मग दिवाणी दावा. आणि त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, घर रिकामे झाले की मालकाने सात दिवसांत तसे कलेक्टरला कळवायचे. ते घर सरकारी नोकराला किंवा निर्वासिताला द्यावे असा हुकूम कलेक्टर काढू शकत असे.

कागदावर हे वाचून मी फार आनंदलो होतो. मी सरकारी नोकर. घर आपल्याकडे चालत येणार! प्रत्यक्षात घरे रिकामी होतच नसत. मी पाहिलेल्या एका घरात मागच्या किरायेदाराची बैलगाडी निघाली आणि त्याच संध्याकाळी मालकाच्या मेहुण्याची ट्रंक, तांब्या आणि सतरंजी येऊन पडली. मेहुणा स्वतः कधी आला नाही. त्याची ट्रंक तेथे दोन वर्षे राहिली. शेजाऱ्यांनी मोठ्या विनोदाने सांगितले, की हा मेहुणा फार शांत आहे, रात्री घोरतही नाही.

या कायद्याविषयी माझे मत मी स्पष्टच सांगतो. आत राहणाऱ्याला त्याने अभय दिले, आणि ते द्यायला हवेच होते. विधवेला, लहान दुकानदाराला, पेन्शनराला मालकाच्या लहरीवर सोडून चालले नसते. पण तोच कायदा दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर कडी लावीत होता. जुन्या किरायेदाराचा किराया वर्षानुवर्षे तोच. त्यातून कवेलू फेरायचा खर्चही निघत नसे. मग मालक दुरुस्ती करीत नसे, किरायेदार सोडीत नसे, आणि भिंत दोघांचीही वाट पाहून एखाद्या पावसाळ्यात बसत असे. परकोटातले कितीतरी सुंदर सागवानी वाडे या भांडणात गेले. खांबांवरची कमळे उतरवून भंगारवाल्याने नेताना मी पाहिली आहेत.

२००० सालच्या ३१ मार्चपासून सगळ्या महाराष्ट्राला एकच भाडेनियंत्रण कायदा लागू झाला आणि वऱ्हाडचा जुना हुकूम संपला. आता करार लेखी होतो, त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि मुदत संपली की नमस्कार. मेहुण्याच्या ट्रंकेची गरज उरली नाही. रिकाम्या जागांच्या पाट्या उघडपणे लागू लागल्या. अमरावतीत १९८३ साली विद्यापीठ झाले आणि अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहेच, त्यामुळे मेळघाटापासून पुसदपर्यंतची मुले बॅगा घेऊन येतात आणि त्या पाट्या वाचत हिंडतात.

परवा अशाच एका मुलाने मला कठोरा नाक्याचा रस्ता विचारला. धारणीकडचा होता. तीन ठिकाणी जाऊन आला होता. किराया जमत होता, पाणीही नळाचे होते. मी विचारले, "मग अडले कोठे?" तो थोडा हसला आणि म्हणाला, "काका, फोनवर हो म्हणतात. तिथी गेलो का आडनाव विचारतात."